आधी विचारावे, मग विकावे

आपल्या बेटावर आज कोणत्याही रस्त्याने जावे, 'आ वांद्र' ही पाटी दिसल्यावाचून राहत नाही. कास्काव्हेलच्या वळणावर, बांबूच्या उसाच्या कडेला, वाक्वाच्या एखाद्या जुन्या भिंतीवर ती टांगलेली असते आणि तिच्याखाली एक टेलिफोन नंबर असतो. त्या नंबरावर उत्तर देणारा आवाज आता पुष्कळदा आपल्याच मुलामुलींचा असतो. हुशार मूल म्हणजे शिक्षक, नर्स, पोलीस नाहीतर सरकारी क्लार्क, असे समीकरण आपल्या घरांत फार दिवस होते. आता एच. एस. सी. झालेली मुले जमीन आणि घरे विकणाऱ्या एजन्सीत नोकरीला लागतात. पगार थोडा, मोटारीचे पेट्रोल स्वतःचे, आणि विक्री झाली तर कमिशन, असा हा व्यवसाय आहे.

अशीच एक बावीस वर्षांची मुलगी आमच्या बैठकीत आली. लहानपणी येथेच ती मराठी मुळाक्षरे शिकली होती. म्हणाली, "गुरुजी, मला बोलायला शिकवा. गिऱ्हाईक समोर आले की काय बोलावे ते सुचत नाही."

आम्ही तिघेजण होतो. एकाचा जन्म शाळेत शिकविण्यात चाललेला, दुसऱ्याने एका नोतेरच्या कचेरीत अनेक वर्षे कागद लिहिलेले, आणि तिसऱ्याने तरुणपणी अर्पांतेरबरोबर साखळी ओढीत अर्धे बेट पायी मोजलेले. तिघांनी मिळून तिला आठ शनिवार द्यावयाचे ठरविले. बोलावयास तिला शिकविले, परंतु ते शेवटच्या शनिवारी. आधीचे सात शनिवार विचारावयास शिकविण्यात गेले. ते धडे येथे देत आहोत, कारण ज्या ज्या घरात पत्र्याच्या पेटीत एखादे कोंत्रा जपून ठेवलेले आहे, त्या प्रत्येक घराशी त्यांचा संबंध आहे.

जमीन आपल्याकडे कशी आली

शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक जुना नियम शिकवितात : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. म्हणून आम्ही पहिला प्रश्न तिच्याच घराविषयी विचारला. "तुमचे घर ज्या जमिनीवर आहे ती तुमच्याकडे कशी आली?" तिला ठाऊक नव्हते. "घरी विचारून ये," असे सांगून आम्ही त्या दिवशीचा वर्ग तेथेच संपविला.

पुढच्या शनिवारी ती माहिती घेऊन आली. पणजोबांनी उसाच्या मजुरीतून आणि गाई पाळून पैसे साठविले, आणि साखरेच्या एका इस्टेटीने आपल्या कडेची जमीन तुकडे पाडून विकावयास काढली तेव्हा एक तुकडा घेतला. ही एकट्या तिच्या घरची गोष्ट नव्हे. १८३४ पासून करारबद्ध मजूर येथे येऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून जहाजावर चढलेले आपले कोकणचे पूर्वजही होते. पुढे १८७० नंतरच्या काळात साखरेच्या धंद्याला ओढ लागली, तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या जमिनीचे लहान लहान भाग करून ते हिंदी मजुरांना विकले. इतिहासकार याला 'ग्रां मोर्सेलमां' म्हणतात. त्या वेळी काही सरदारांनीही मोठे तुकडे घेऊन, ते फोडून, आपल्याच माणसांना विकले. म्हणजे जमिनीचा मध्यस्थ आपल्या समाजात नवा नाही. आपला कुर्तिये शंभर-सव्वाशे वर्षांपासून आहे.

मुलीला आम्ही सांगितले, "तू जे विकणार आहेस ते कुणीतरी असे घेतलेले आहे. हे ध्यानात ठेवून मग दर विचार."

अर्पां, पेर्श आणि त्वाज

तिसऱ्या शनिवारी मापे घेतली. शाळेत मुले मीटर शिकतात, परंतु जमिनीचा बाजार अजून जुन्या फ्रेंच मापांनी बोलतो. एका अर्पांत १०० पेर्श. एक पेर्श म्हणजे सुमारे ४२.२ चौरस मीटर. घराच्या जागेचा दर मात्र बहुधा त्वाजवर सांगतात. १०० त्वाज म्हणजे बरोबर ९ पेर्श, म्हणजे सुमारे ३८० चौरस मीटर. एवढे तीन आकडे पाठ असले की कोणताही हिशेब बोटांवर करता येतो.

येथे एक फसगत असते. पेर्श म्हणजे ४०० चौरस फूट असे जुनी माणसे सांगतात. ते खरे आहे, पण तो फूट फ्रेंच, आणि फ्रेंच फूट इंग्रजी फुटापेक्षा मोठा. इंग्रजी फुटांनी तीच पेर्श सुमारे ४५४ चौरस फूट भरते. विकणारा एका फुटाने बोलतो, घेणारा दुसऱ्या फुटाने ऐकतो, आणि भांडण मात्र दोघांचे होते. म्हणून मुलीला सांगितले की तोंडाने त्वाज म्हण, पण कागदावर नेहमी चौरस मीटर लिही.

कोंत्रा वाचणे

चौथा शनिवार नोतेरच्या कचेरीतील आमच्या मित्राचा. त्याने आपल्या स्वतःच्या घराचे कोंत्रा टेबलावर ठेवले. मुलीने पान उलटले आणि विचारले, "येथे टी. व्ही. असे लिहून पुढे नंबर आहे, तो कसला?" आमचा मित्र हसला. हे टी. व्ही. दिवाणखान्यातले नव्हे. खरेदीखताची नोंद झाली की त्याची नक्कल ज्या सरकारी खंडात जाते, त्या खंडाचा आणि त्यातील दस्ताचा तो क्रमांक. या एका क्रमांकावरून जमीन कोणी कोणाकडून घेतली हे शोधता येते, आणि मागे मागे जात मूळ इस्टेटीपर्यंतही पोहोचता येते. २०११ च्या भूमापनाच्या कायद्यानंतर प्रत्येक तुकड्याला ओळखीचा वेगळा क्रमांक देण्याची पद्धत आली. तो पी. आय. एन. क्रमांकही आता विचारावा लागतो.

मालकाचे नाव पाहून थांबावयाचे नाही. जमिनीवर बँकेचा बोजा आहे का? शेजाऱ्याला तिच्यातून जाण्याची वाट दिलेली आहे का? कोपऱ्यावरचे बोर्न जागेवर आहेत का? साखळी ओढणारे आमचे मित्र म्हणाले, "बोर्न स्वतः चालत नाही, पण आम्ही चाललेले पाहिले आहेत." कुंपण आणि कोंत्रा यांचे जमत नसेल, तर शपथेवर नेमलेल्या अर्पांतेरकडून मोजणी करून घ्यावी, आणि ती शेजाऱ्यांना बोलावून करावी.

जमीन पाहावयास एकदा उन्हात आणि एकदा पावसात जावे, हाही त्याच दिवसाचा धडा. मार्च २०१३ मध्ये पोर्ट लुईत पुराने ११ माणसे नेली, आणि २०१७ साली पाण्याच्या निचऱ्यासाठी स्वतंत्र संस्था करावी लागली. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे जो मध्यस्थ सांगत नाही त्याने जागा दाखविली असे म्हणता येत नाही.

जे विकता येत नाही

पाचव्या शनिवारी आम्ही तिला एक कोरा कागद दिला आणि म्हटले, काय काय विकता येत नाही ते लिही. तिने लिहिले, "मंदिर." ते योग्यच. पण यादी लांब आहे.

समुद्राकाठची पट्टी, जिला आपण पा झेओमेत्रिक म्हणतो, ती सरकारची. भरतीच्या रेषेपासून निदान ८१.२१ मीटरपर्यंत ती पोहोचते. तेथले कांपमां विकावयास आहे असे कोणी म्हणाले, तर त्याच्या हातात बहुधा भाडेपट्टा असतो. तो किती वर्षांचा उरला आहे आणि दुसऱ्याच्या नावे करता येतो का, हेच तेथे विचारावयाचे. उसाची जमीन घराची जागा म्हणून विकता येत नाही, तिचा वापर बदलावयास परवाना लागतो. मोठा तुकडा फोडून अनेकांना विकावयाचा तर १९९० च्या मोर्सेलमांच्या कायद्याखाली परवानगी लागते. आणि परदेशी नागरिकाला १९७५ च्या कायद्यानुसार अधिकृत परवानगीवाचून येथे स्थावर घेता येत नाही. त्यांच्यासाठी २००२ पासून वेगवेगळ्या योजना निघाल्या आणि पश्चिम किनाऱ्याचे रूपच पालटले. परंतु त्या योजनांतील बंगल्याचा भाव ऐकून आपल्या शेजारच्या दहा पेर्शना तोच भाव येईल असे समजणे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात आपला आहेर मोजणे होय.

यासच जोडून पैशाचा प्रश्न. फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात आपला देश आंतरराष्ट्रीय करड्या यादीत होता. तेव्हापासून, घेणारा कोण आणि त्याचा पैसा कोठून आला, हे विचारणे जमिनीच्या मध्यस्थाचे कर्तव्य म्हणून अधिक कडकपणे पाहिले जाते. मध्यस्थांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदाही २०२० साली झाला. मुलगी म्हणाली, "मोठ्या माणसाला असे विचारणे उद्धटपणा होईल." आम्ही म्हटले, "डॉक्टर विचारतो तसे विचार. त्याचा कोणाला राग येत नाही."

पाटीवरचा आकडा आणि हातातला आकडा

सहावा शनिवार गणिताचा. उदाहरण आम्ही फळ्यावर लिहिले. १८ पेर्शची जागा, म्हणजे २०० त्वाज. दर समजा १५,००० रुपये त्वाज. किंमत ३०,००,०००, आपल्या बोलण्यात तीन मिलियन. विकणाऱ्याने भरावयाचा जमीन-हस्तांतरणाचा कर ५ टक्के : १,५०,०००. मध्यस्थाचे कमिशन समजा २ टक्के ठरले : ६०,०००. त्यावर १५ टक्के व्हॅट : ९,०००. हातात राहिले २७,८१,०००. वारस चार असतील तर प्रत्येकी ६,९५,२५०. घेणाऱ्याला किमतीवर नोंदणीचे ५ टक्के आणि नोतेरचे शुल्क वेगळे. पहिले घर घेणाऱ्याला काही सवलती असतात, त्या नोतेरला विचाराव्यात.

मुलगी फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "तीन मिलियन ऐकून घरात सगळे खूश होतात. सात लाखसुद्धा येत नाहीत हे त्यांना कोण सांगते?"

"तू," आम्ही म्हटले. "आणि सहीच्या आधी."

कर वाचविण्यासाठी कोंत्रामध्ये किंमत कमी लिहावी आणि बाकीचे हातात द्यावे, अशी सूचना तिला कोणीतरी करणारच. सरकारला किंमत कमी वाटली तर ते स्वतः मूल्य ठरवून फरक मागू शकते. शिवाय उद्या व्यवहार मोडला, तर कागदावर नसलेला पैसा कोणत्या तोंडाने परत मागणार?

सर्वात कठीण धडा

सातव्या शनिवारी आम्ही फक्त एक प्रश्न घेतला : जमीन कोणाची? ज्याने टेलिफोन केला त्याची, असे एजन्सीत समजतात. ज्याचे नाव कोंत्रावर आहे त्याची, असे घरात समजतात. पुष्कळदा दोन्ही चूक असते.

वडील वारले आणि वारसाचे कागद झाले नाहीत, तर जमीन सर्व वारसांच्या सामायिकात राहते. एकाच्या सहीने ती पूर्ण विकली जात नाही. आपल्या कोड सिव्हिलप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा. लग्न होऊन गेलेल्या बहिणीने 'सही करून टाकावी' अशी आपल्याकडे रीत पडली आहे. ती कायद्याची नव्हे, आपली आहे. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला असेल, तर त्याचे प्रोकुरासियों लागते. आणि पत्नी? लग्न सिव्हिल नोंदलेले असेल, नोतेरकडे वेगळी मालमत्ता ठरविलेली नसेल, आणि जमीन लग्नानंतर विकत घेतलेली असेल, तर निम्मी तिचीच असते. नवऱ्याकडून वारसाने मिळाली असे नव्हे, पहिल्यापासून तिची.

या धड्याची परीक्षा महिन्याच्या आतच झाली. पश्चिमेकडील एका गावातून एजन्सीला टेलिफोन आला. घराचा थोरला मुलगा जागा विकणार होता. घेणारा तयार, भाव चांगला. मुलगी घर पाहावयास गेली. मुलाने सगळ्या खोल्या दाखविल्या. त्याची आई चहा देऊन दाराशी उभी होती. मुलीने जागा पाहिली, मग पेला खाली ठेवून विचारले, "मावशी, ही जागा कधी घेतली?"

"लग्नानंतर. ह्यांनी कारखान्यात ओव्हरटाइम केला. मी भाजी विकली."

"आणि लग्न सिव्हिल झाले होते?"

मावशी आत गेल्या आणि पत्र्याची पेटी घेऊन आल्या. त्यात लग्नाचा दाखला होता. मुलगा म्हणाला, "त्याचा काय संबंध? बाबांचे घर आहे."

मुलीने शांतपणे सांगितले, "दादा, मी नोतेर नाही. पण हे कागद त्यांना दाखवल्याशिवाय मी पाटी लावणार नाही. निम्मे आईचे असेल, आणि उरलेल्यात तुमच्या दोन्ही बहिणीही असतील." मग तिने मावशींनाच विचारले, "तुम्हाला विकायचे आहे का?"

मावशी म्हणाल्या, "मला कोणी विचारले नव्हते."

नोतेरनेही पुढे तेच सांगितले. घर विकले गेले नाही. मावशी अजून तेथेच राहतात. त्या महिन्यात आमच्या मुलीला कमिशन मिळाले नाही, आणि कचेरीत चार शब्द ऐकून घ्यावे लागले, हे आम्ही लपवीत नाही. या व्यवसायाची खरी अडचण हीच आहे. विक्री झाली तरच पैसा, आणि 'थांबा' म्हटले तर काही नाही. म्हणून 'थांबा' हा शब्द अनुभवातून आपोआप येत नाही. अनुभव उलटेच शिकवितो. तो शब्द आधीच, कोणीतरी बसवून, शिकवावा लागतो.

बोलण्याचा शनिवार

शेवटी ती ज्यासाठी आली होती ते शिकविले. आमच्यापैकी एक विकणारा झाला, एक घेणारा, एक घेणाऱ्याची सासू. तिने आमच्या बैठकीची खोली आम्हांला विकावयाची. पहिल्या वेळी ती न थांबता बोलली. दुसऱ्या वेळी आम्ही नियम घातला : एक वाक्य सांगितले की एक प्रश्न विचारावयाचा. मुले किती, शाळा कोणती, बस लागते की मोटार आहे, आजी जिना चढू शकते का, बँकेने किती कर्ज मान्य केले. तिसऱ्या वेळी आणखी एक नियम : घराचा दोष घेणाऱ्याने शोधून काढण्याआधी तू सांग. "पावसाळ्यात मागच्या खोलीत ओल येते, दुरुस्तीचा खर्च धरून भाव सांगितला आहे." हे वाक्य ती प्रथम दबकत बोलली. पण सासू झालेला आमचा मित्र लगेच म्हणाला, "हे सांगितलेस, आता बाकीचे मी खरे मानतो."

यात सर्व बोलण्याची कला आली. गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला ठाऊक नसेल तेव्हा "विचारून सांगते" म्हणावे आणि खरोखर विचारून सांगावे. आगाऊ रक्कम स्वतःच्या हातात घेऊ नये, नोतेरकडे ठेवावी. आणि प्रत्येक भेटीची तारीख वहीत लिहावी.

आपल्या घरचा अभ्यास

वाचकहो, विकणाऱ्या मुलीला आम्ही शिकविले, परंतु तिला जे प्रश्न विचारावे लागतात त्यांची उत्तरे आपल्याच पेट्यांत आहेत. कागद नसल्यामुळे, वाटणी न झाल्यामुळे, आणि तीस वर्षांच्या ताब्यावर दुसऱ्याने मालकी सांगितल्यामुळे या बेटावरील अनेक कुटुंबांच्या जमिनी गेल्याच्या तक्रारी आहेत. सत्य व न्याय आयोगाने २००९ पासून अशा तक्रारी ऐकल्या आणि २०११ च्या आपल्या अहवालात त्यांची मोठी नोंद केली. ज्यांची जमीन गेली ती माणसे आळशी नव्हती. त्यांना कागदाची भाषा येत नव्हती. आज आपल्या मुलांना ती येते.

येत्या गणेशचतुर्थीला सर्व भावंडे घरी जमतील. मोदक झाल्यावर, आरती झाल्यावर, एक तास काढावा. पेटी उघडावी. कोंत्रा कोणाच्या नावे आहे, वारसाचे कागद झाले आहेत का, बोर्न कोठे आहेत, बहिणींचे म्हणणे काय, हे वडीलधारी माणसे आपल्यात असतानाच विचारून एका वहीत लिहून ठेवावे. आणि आई दाराशी उभी असेल, तर तिला आत बोलावून बसवावे. पहिला प्रश्न तिला विचारावा.